थाळी, अंगण आणि थोरली मुलगी
(कुटुंबांसाठी व संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

हा पाठ घरी किंवा मंडळीच्या सभेत घेण्यापूर्वी अनुवादाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय सर्वांनी मिळून वाचावा. मुलांना शिकवण्याची जागा म्हणून तेथे घर सांगितले आहे, आणि रस्ताही सांगितला आहे. वेळ म्हणून निजण्याची वेळ सांगितली आहे, आणि उठण्याचीही. आपण मात्र शिक्षण म्हटले की पाटी, टेबल आणि दहा ते पाच एवढेच डोळ्यांपुढे आणतो. घरात दोन-तीन वेगवेगळ्या वयांची मुले असली आणि त्यांना घरीच शिकवण्याची वेळ आली, म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे हे कळून येते. आम्हाला ते कसे कळले, हे प्रथम सांगतो.

थाळी वाजली

मार्च २०२० मध्ये देशातील शाळा बंद झाल्या. आमच्या इंदूर शहरात साथीचा जोर फार होता. त्यामुळे मुलांना कंपाउंडबाहेर पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेश शासनाने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ नावाची योजना सुरू केली. सकाळी दहा वाजता घरातील वडीलधाऱ्यांनी थाळी किंवा घंटा वाजवावी, मुलांनी अभ्यासाला बसावे, एक वाजता पुन्हा थाळी वाजवून शाळा सोडावी. संध्याकाळी खेळ आणि रात्री आजी-आजोबांकडून गोष्टी, अशी तिची आखणी होती. योजना सरकारी शाळांतील मुलांसाठी होती, पण थाळी वाजवण्याची कल्पना आम्हाला फार आवडली. प्राथमिक शिक्षिका म्हणून आयुष्य घालवलेले. घरात तीन नातवंडे: थोरली तेरा वर्षांची, मधला नऊचा आणि धाकटा पाचाचा. आम्ही लगेच स्वयंपाकघरातली परात घेतली आणि शाळा भरवली.

त्या योजनेत अभ्यास, खेळ आणि गोष्टी या तिन्हींना जागा होती. आम्ही मात्र त्यातला अभ्यासच तेवढा उचलला. तिन्ही मुले एका टेबलाशी दहा ते एक बसलीच पाहिजेत, असा नियम केला. पाच वर्षांचा मुलगा तीन तास कसा बसणार? तो टेबलाखाली शिरे, मधल्याची पेन्सिल ओढी. मग आम्ही थोरलीला सांगू लागलो, “तू मोठी ना? जरा त्याला घे.” ती त्याला घेई. मधल्याचे पाढेही तीच म्हणवून घेऊ लागली. ‘आमची छोटी बाई’ म्हणून आम्ही तिचे कौतुक करीत असू. संध्याकाळी दोघे मुलगे गच्चीवर पतंग घेऊन जात, आणि ती सकाळचा राहिलेला स्वतःचा अभ्यास करीत खाली बसे.

असे दोन महिने चालले. एके दिवशी परात वाजवली, तरी ती जागची उठली नाही. “आजी,” ती म्हणाली, “दहाला ह्यांची शाळा भरते, एकला सुटते. माझी कधी सुटते?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. रात्री कागद घेऊन आठवड्याचा हिशेब मांडला. मधला रोज दीड-दोन तास गच्चीवर होता, धाकटा त्याहून अधिक. थोरली साऱ्या आठवड्यात दोनदा वर गेली होती, आणि दोन्ही वेळा वाळत घातलेले कपडे आणायला.

वाचकहो, वेगवेगळ्या वयांच्या मुलांचा अभ्यास आणि बाहेरचा वेळ यांचा मेळ घालताना पहिला प्रश्न ‘किती तास?’ हा नसतो. मेळ बसलेला दिसतो तेव्हा त्याची किंमत घरातले कोणते मूल देत आहे, हा पहिला प्रश्न असतो. बहुधा ते मूल थोरले असते. त्यातही ती मुलगी असली तर पाहायलाच नको.

पंडिता रमाबाईंची आई

घरच्या शिक्षणाचे आपल्या परिचयाचे मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा जन्म १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा विरोध असताना, आपल्या पत्नीला लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. घरात तीन मुले होती: कृष्णाबाई, श्रीनिवास आणि सर्वांत धाकटी रमा. थोरल्या दोघांना वडिलांनी शिकवले. रमेची पाळी आली तेव्हा ते वृद्ध झाले होते, म्हणून तिला आईने शिकवले.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत पायी फिरत असे. घरकाम, आलागेला आणि प्रवास यांतून लक्ष्मीबाईंना दिवसा सवड मिळत नसे. त्यांनी पहाटेची वेळ धरली. पाखरे जागी होण्याच्या वेळेला लेकीला उठवून, जवळ घेऊन त्या तोंडी पाठ देत. पाटी नाही, टेबल नाही, डोक्यावर उघडे आकाश. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या विद्वत्तेबद्दल ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरव केला, तिचा पाया ह्या पहाटेच्या पाठांत होता.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, प्रत्येक मुलाला दिवसातून थोडा वेळ तरी आईबापांचा एकट्याचा मिळाला पाहिजे. तो फार नसला तरी चालेल, पण तो दुसऱ्या कोणाशी वाटून घेतलेला नसावा. दुसरी, पाठ मोकळ्या हवेत झाला म्हणजे तो कमी होतो असे मुळीच नाही.

परंतु ह्या शिक्षणात एक उणीव होती, आणि ती रमाबाईंनी स्वतःच आपल्या लेखनात लपवली नाही. पाठांतर पुष्कळ झाले, पण हातांना काम शिकवले गेले नव्हते. दुष्काळ आला तेव्हा पोट भरण्याचा मार्ग ह्या विद्वान कुटुंबापाशी नव्हता. १८७४ पासून थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण ही तिघे गेली. पुढे रमाबाईंनी अमेरिकेत असताना फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, आणि केडगावच्या मुक्तिसदनात मुलींना अक्षरांबरोबर शेत, गोठा, माग आणि छापखानाही दिला. बाहेरचा वेळ म्हणजे केवळ खेळ नव्हे. माती, पाणी आणि हत्यार हाताळणे हाही त्याचा भाग आहे, हे त्यांनी फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले होते.

कोसबादची टेकडी

दुसरे उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले होते. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई त्यांना तेथे येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारली लोकांचे पाडे होते.

मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ह्या भगिनींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे हीच साधने केली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा रुजला, आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रे आज देशभर ह्याच नावाने ओळखली जातात. मोठी मुले गुरे राखायला कुरणात जात, म्हणून त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. तिला कुरणशाळा म्हणत.

आमच्या विषयाला सर्वांत जवळची गोष्ट पुढेच आहे. पाड्यावरच्या मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. त्यांना रागे भरून उपयोग नव्हता. म्हणून कोसबादला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही एकाच आवारात आणण्यात आली. भावंड पाळणाघरात उतरले, की ताईचे हात मोकळे होत आणि ती वर्गात बसे. म्हणजे आम्हाला २०२० साली आमच्या घरात जी अडचण दिसली, ती ह्या दोघींनी कितीतरी आधी ओळखली होती आणि तिच्यावर उपायही केला होता. थोरल्या मुलीला शिकवायचे असेल तर प्रथम तिच्या कडेवरचे मूल कोणीतरी उतरवून घेतले पाहिजे.

एक काठी, तीन पाठ

आम्ही नियम बदलला. सर्वांनी एकत्र असण्याची जागा टेबल नव्हे, तर गच्ची ठरली. टेबलाशी एकेकाने आपल्या पाळीने यायचे. गच्चीवरचा आमचा एक पाठ सांगतो, तो कोणालाही करता येईल.

सपाट जागी एक मीटर लांबीची काठी मातीच्या कुंडीत अशी उभी करावी, की तिचे टोक जमिनीपासून बरोबर १०० सेंटिमीटर उंच येईल. ती सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहावे. धाकट्याचे काम एवढेच, की सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा, आणि थोड्या वेळाने सावली कोठे गेली ते पाहून दुसरा ठेवायचा. सावली पळते, ह्याचे त्याला इतके नवल वाटते की अर्धा तास तो आपण होऊन बसतो.

मधल्याने पट्टीने सावली मोजून वहीत मांडावी. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी मोजले म्हणजे सर्वांत आखूड सावली सापडते. २१ मार्चच्या सुमारास इंदूरला ती सुमारे ४२ सेंटिमीटर भरते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सुमारे १०४, म्हणजे काठीहूनही लांब. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी ती जवळजवळ नाहीशी होते, कारण आपले शहर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस आहे आणि सूर्य तेव्हा डोक्यावर येतो.

थोरलीने पाठ्यपुस्तकातील त्रिकोण येथे आणावा. २१ मार्चच्या मध्यान्ही सूर्यकिरण काठीशी जो कोन करतो, तो सुमारे पावणेतेवीस अंशांचा असतो. तेच इंदूरचे अक्षांश. सर्वांत आखूड सावली बाराला न पडता त्या दिवशी साडेबारा वाजून गेल्यावर का पडते, हेही तिने शोधावे. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाचे आहे, इंदूर सुमारे शहात्तरावर आहे, आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात. एवढे सांगितले की बहुतेक हिशेब तिचा तिलाच सुटतो. उरलेल्या थोड्या मिनिटांचा फरक वर्षभर कमी-अधिक होत असतो, तो तिने तारखेप्रमाणे नोंदवून ठेवावा. पुढे प्रवास मोकळा झाल्यावर उज्जैनला महाराजा सवाई जयसिंहाच्या वेधशाळेत जाऊन तेथील शंकुयंत्र तिला दाखवता येते. आपल्या कुंडीतल्या काठीचा थोर भाऊच तो!

काठी एक, ऊन एक, आणि वेळही एकच. परंतु प्रत्येकाचा पाठ त्याच्या वयाचा. कोणीही कोणाची ‘छोटी बाई’ नाही.

हाच प्रकार मुंग्यांच्या रांगेचा, पावसाळ्यातल्या काळ्या मातीचा किंवा सिरपूर तलावावर हिवाळ्यात उतरणाऱ्या पाखरांचा. सिरपूर आणि यशवंत सागर ही आपल्या इंदूरजवळची दोन्ही जलस्थाने २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. धाकट्याने पाखरे मोजावी, मधल्याने चित्र काढून नाव शोधावे, थोरलीने ती कोठून व का येतात ते लिहावे. आपल्या प्रभूनेही शिष्यांना पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे पाहायला सांगितले, ते बाहेर डोंगरावर बसूनच.

वेळेचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटांची हालचाल हवी. डोळ्यांचाही प्रश्न आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत रोज ४० मिनिटे अधिक वेळ मुलांना बाहेर ठेवले, तेथे १०० पैकी सुमारे ३० मुलांना लांबचे कमी दिसू लागले. इतर शाळांत हे प्रमाण सुमारे ४० होते. बाहेरचा उजेड खोलीतल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो, आणि वाढत्या डोळ्यांना तो मानवतो. त्या वर्षी आमच्या थोरलीला चष्मा लागला. कारण हेच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो चष्मा पाहिला की आम्हाला तो कागदावरचा हिशेब आठवतो.

टेबलाशी बसण्याचा वेळ वयाप्रमाणे असावा. पाच वर्षांच्या मुलाला पंधरा-पंधरा मिनिटे दोनदा पुरतात. नऊ वर्षांच्या मुलाला अर्ध्या-अर्ध्या तासाचे तीन पाठ होतात. तेराव्या वर्षी दोन-अडीच तास लागतात, त्यात पुष्कळसे तिने एकटीने, शांततेत करायचे असते. एकाचा पाठ चालू असता बाकीच्यांनी नजरेच्या टप्प्यात बाहेर असावे. धाकट्यावर लक्ष ठेवण्याचे काम मात्र मोठ्या माणसाचे. ज्या घरात आई एकटी आहे, तेथे शेजारची बाई, आजोबा किंवा मंडळीतील एखादी भगिनी आठवड्यातून दोन सकाळी आली तरी पुष्कळ होते. हीही सेवाच आहे.

माळव्याच्या ऋतूंप्रमाणे वेळापत्रकही बदलावे. मे महिन्यात सकाळी सहा ते आठ बाहेर, दुपारी टेबल, आणि दिवस कलल्यावर पुन्हा बाहेर. माळव्याची रात्र थंड, म्हणून गोष्टी गच्चीवर. पावसाळ्यात उघडीप पडली की पुस्तक मिटावे, पाऊस आला की उघडावे. हिवाळ्यात अकराच्या उन्हात सतरंजी टाकून पाठच बाहेर घ्यावा.

आणि थोरल्या मुलाचा बाहेरचा वेळ त्याच्या नावाने वेगळा लिहून ठेवावा. त्या वेळात त्याच्याकडे धाकटे भावंड द्यायचे नाही, दुकानातून काही आणायला सांगायचे नाही, कपडे काढायला सांगायचे नाहीत. त्या वेळात ती नुसती बसून राहिली तरी हरकत नाही. आमची थोरली पहिले आठ दिवस गच्चीच्या कठड्याशी नुसती उभी राहत असे. नवव्या दिवशी तिने मधल्याच्या हातून पतंगाची फिरकी घेतली.

सप्टेंबर २०२१ मध्ये शाळा उघडल्या आणि आमची परात स्वयंपाकघरात परत गेली. काही पालक आजही आपल्या इच्छेने मुलांना घरी शिकवतात. त्यांनी पुढील परीक्षेचा विचार आधीच करून ठेवावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीच्या परीक्षेसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रवेशाची माहिती तिच्याकडूनच लेखी घ्यावी, ऐकीव गोष्टींवर राहू नये.

संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी

लहान मंडळीत चार ते चौदा वर्षांची मुले एकाच खोलीत असतात, आणि शिक्षक एकच. तेथेही आपण मोठ्या मुलींना लहानांना गप्प बसवण्याच्या कामाला लावतो. मग त्या मुली चौदाव्या वर्षी संडे स्कूल सोडतात, आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना गोडी राहिली नाही. त्यांना आपण शेवटचा पाठ केव्हा दिला होता, हे आठवून पाहावे.

पेरणाऱ्याचा दाखला शिकवायचा असेल तर चर्चच्या आवारात जा. वाट, खडक, काटे आणि चांगली माती तेथे चारही सापडतील. लहानांनी चारी ठिकाणी हरभरा टाकावा, मधल्यांनी दोन रविवार नोंद ठेवावी, आणि मोठ्यांशी शिक्षकाने त्याच्या अर्थाविषयी वेगळे बोलावे. तेवढा वेळ लहानांकडे मंडळीतील एका वडील माणसाने पाहावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात आपल्या घरातील प्रत्येक मूल किती वेळ मोकळ्या हवेत होते? अंदाज न करता लिहून काढा.
२. घरातील कोणत्या मुलाचा वेळ इतरांच्या सोयीसाठी खर्च होतो? त्याला तसे कधी विचारले आहे काय?
३. रमाबाईंच्या आईप्रमाणे आपण प्रत्येक मुलाला एकट्याचा असा कोणता वेळ देऊ शकतो?
४. एकच वस्तू घेऊन तीन वयांच्या मुलांना तीन पाठ कसे देता येतील? आपल्या आवारातील एक वस्तू निवडून ठरवा.
५. आपल्या मंडळीत कोणत्या आईला दोन सकाळींची मदत हवी आहे? ती कोण करील?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर सभा संपण्यापूर्वीच ठरवावे. उद्यावर ठेवलेले उत्तर बहुधा त्या घरातली थोरली मुलगीच देत असते.